विश्लेषण : संगणक चोरीची वर्दी नेटवर्कची केबलच देईल?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील तहसील कार्यालये, पंचायत समित्या, महाविद्यालये, पतसंस्था यांचा कारभार आता संगणकावर चालतो. दिवसभर गजबजलेली ही कार्यालये रात्री मात्र एक कुलूप आणि फार तर एका पहारेकऱ्याच्या भरवशावर असतात. चोरी उघड होते ती सकाळी शिपाई दार उघडतो तेव्हा. तोवर पुणे-बेंगळुरू महामार्गाने माल कुठच्या कुठे गेलेला असू शकतो. हा वेळ वाचवण्याचे एक साधन बहुतेक कार्यालयांत आधीच बसवलेले आहे, ते म्हणजे संगणकांना जोडणारी नेटवर्कची केबल.

चोरीला नेमके काय जाते?

सीपीयू नवा घेता येतो. त्यातील हार्ड डिस्कवर असलेली माहिती तशी विकत आणता येत नाही. सातबारासारख्या नोंदी मध्यवर्ती सर्व्हरवर असतात. पण अर्जांच्या स्कॅन केलेल्या प्रती, ठेवीदारांची केवायसी कागदपत्रे, विद्यार्थ्यांचे दाखले बऱ्याचदा टेबलावरच्या संगणकातच राहतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये अशा माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे नुकसान कार्यालयाचे होतेच, पण ज्याची कागदपत्रे गेली त्या माणसाचे अधिक होते.

केबल पहारा कसा करते?

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. एक टोक संगणकात, दुसरे रॅकमधील स्विचच्या पोर्टमध्ये. दोन्ही टोके एकमेकांना सतत संकेत देत असतात. केबल निघाली की काही क्षणांत स्विचला ते कळते आणि त्या पोर्टचा दिवा विझतो. व्यवस्थापनाची सोय असलेला, म्हणजे ‘मॅनेज्ड’ स्विच याची वेळेसह नोंद ठेवतो आणि ‘लिंक डाउन’ असा संदेश देखरेखीच्या संगणकाला पाठवतो. हा संदेश वाचून मोबाइलवर सूचना धाडणारी झॅबिक्ससारखी मोफत सॉफ्टवेअरही आहेत. नवी तार ओढावी लागत नाही.

रात्री संगणक बंद असेल तर?

खरी अडचण इथेच आहे. संगणक नेहमीच्या पद्धतीने बंद केला आणि भिंतीवरचे बटण चालू राहिले, तर अनेक यंत्रांचे नेटवर्क कार्ड अगदी थोड्या विजेवर जागे राहते. पण आपल्याकडे संध्याकाळी बटणच बंद करण्याची शिस्त आहे. वळवाच्या विजा आणि शॉर्टसर्किटची भीती पाहता ती चुकीचीही नाही. मात्र मग सर्वच पोर्ट विझलेले दिसतात आणि यंत्र जागेवर आहे की गेले, हे स्विचला सांगता येत नाही.

यावरचा तोडगा जुना आहे. अमेरिकेतील क्रायमार सिस्टिम्स या कंपनीला १९९५ मध्ये ५४०६२६० क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यात नेटवर्कच्या त्याच तारांतून अतिशय क्षीण एकदिश प्रवाह संगणकापर्यंत नेऊन परत आणण्याची रचना होती. यंत्र बंद असले तरी हा फेरा पूर्ण होतो. केबल काढली की तुटतो आणि घंटा वाजते. डेटाच्या तारांतूनच वीज देण्याचे मानक पुढे २००३ मध्ये आले. आज कॅमेरे आणि आयपी फोन त्यावर चालतात, त्यामुळे रात्रभर चालू असलेला कॅमेरा कोणी उपटला तर तेही स्विचला कळते.

मर्यादा कोणत्या?

केबल न काढता झाकण उघडून रॅम किंवा डिस्क काढून नेली, तर हा पहारा गप्प राहू शकतो. वायफायवरचे लॅपटॉप त्याच्या कक्षेत येत नाहीत. उंदराने कुरतडलेली केबल आणि चोराने उपटलेली केबल स्विचला सारखीच दिसते. चोराने मुख्य वीजच तोडली तर स्विचही बंद पडतो. म्हणून स्विच आणि राउटर यूपीएसवर हवेत आणि देखरेख दुसऱ्या इमारतीतून हवी. तालुक्याच्या कार्यालयातील स्विच अचानक उत्तर देईनासा झाला, तर जिल्ह्याच्या ठिकाणी तीही वर्दीच मानली पाहिजे.

मग करायचे काय?

पहिले काम वहीचे आहे. ‘स्विच तीन, पोर्ट चौदा बंद’ एवढ्या संदेशावरून रात्री दोन वाजता काही उमगत नाही. कोणते पोर्ट कोणत्या शाखेतील कोणत्या टेबलाचे, याची नोंद हवी. दुसरे, ज्या थोड्या संगणकांत संवेदनशील माहिती आहे, त्यांची वीज विजेच्या झटक्यापासून संरक्षण देऊन रात्रीही चालू ठेवता येते. तिसरे, स्विचचे घड्याळ अचूक हवे. केबल निघाल्याची नेमकी वेळ कळली, तर सीसीटीव्हीचे रात्रभराचे चित्रण चाळावे लागत नाही आणि ती नोंद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधील प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून मांडता येते. सरकारी किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेच्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्यासाठी आधी चोर सापडावा लागतो.

घंटा वाजूनही यंत्र गेलेच, तर डिस्क कूटबद्ध असावी आणि माहितीची प्रत दुसऱ्या जागी असावी. ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीला दुसऱ्या जागेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

शेवटी प्रश्न उरतो तो माणसाचा. संदेश कोणाच्या मोबाइलवर जाणार आणि तो रात्री उठून पोलिसांना कळवणार का, हे लेखी ठरलेले नसेल तर महागडा स्विचही केवळ नोंदी साठवत बसेल. नव्या कॅमेऱ्यांच्या निविदा काढण्याआधी दोन्ही जिल्ह्यांतील कार्यालयांनी आपल्या रॅकमध्ये काय आहे ते उघडून पाहावे. अनेक ठिकाणी ही सोय आधीच विकत घेतलेली असेल. कोणी ती चालू केलेली नसेल, एवढेच.