प्रेमकथेतला जमाखर्च

टीव्हीवर प्रेमकथा लागली की घरातली सगळी मंडळी एकाच काळजीत असतात. दोघांचे लग्न होणार की नाही? पण लग्न झालेच नाही तर ती मुलगी उद्या जगणार कशावर, हे कोणी विचारीत नाही.

जेन ऑस्टेन या इंग्रज लेखिकेने हा प्रश्न १८१३ साली विचारला. तिची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी जगभर गाजली. आपल्या दूरदर्शनवर १९८५ साली आलेली 'तृष्णा' मालिका तिच्यावरूनच केलेली होती. कादंबरीत बेनेट घराण्याला पाच मुली. जमिनीचे उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड. परंतु इस्टेट पुरुष वारसालाच मिळणार, म्हणून बापाच्या पश्चात ती कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातलगाकडे जाणार. एलिझाबेथच्या वाट्याला काय? आईच्या मागे एक हजार पौंड, चार टक्के व्याजाने. म्हणजे वर्षाला चाळीस पौंड! नायक डार्सीचे उत्पन्न मात्र वर्षाला दहा हजार. आता सांगा, आईने मुलींच्या लग्नाचा घोर लावून घेतला तर तिला हसावे काय?

याच कादंबरीवरून २००८ साली इंग्लंडच्या आयटीव्ही वाहिनीवर 'लॉस्ट इन ऑस्टेन' ही चार भागांची मालिका आली. आजच्या लंडनमधली अमांडा ही या कादंबरीची वेडी. तिच्या न्हाणीघरातल्या एका दारातून ती थेट बेनेटांच्या घरात जाते आणि एलिझाबेथ इकडे लंडनला येते. अमांडाला पुढची गोष्ट पाठ असते, पण तिच्या येण्यानेच सगळे बिघडते. गुणी थोरली बहीण जेन हिला त्या कॉलिन्सशीच लग्न करावे लागते. कादंबरीत त्याला पत्करते ती शार्लट, सत्तावीस वर्षांची, डोक्यावर छप्पर हवे म्हणून. तिथे आपण कॉलिन्सला हसून पुढे जातो. तीच पाळी लाडक्या जेनवर आली की हसू ओठावरच राहते. शार्लटचे दुःख काही कमी नव्हते, आपणच तिच्याकडे पाहिले नव्हते.

आणखी एक प्रसंग मनाला लागतो. अमांडाचे पूर्वी कोणाशी संबंध होते हे कळताच डार्सी तिला नाकारतो. चारित्र्याचा दाखला बाईनेच द्यायचा, ही रीत तिकडेही होती.

शेवटी अमांडा डार्सीकडेच राहते. हे मात्र आम्हाला रुचले नाही. आम्हाला आवडली ती एलिझाबेथ. ती लंडनमध्ये मुले सांभाळण्याची नोकरी धरते, स्वतःचे कमावते आणि बापाची परवानगी घेऊन पुन्हा तिकडेच जाते.

खुद्द जेन ऑस्टेनने लग्न केले नाही. ही कादंबरी तिने एकशे दहा पौंडांना विकून टाकली आणि पुस्तकावर तिचे नावही छापले गेले नाही. १८१७ साली, वयाच्या एक्केचाळीसाव्या वर्षी ती वारली. लग्नानंतरही आपली मालमत्ता आपल्याच नावावर ठेवण्याचा हक्क इंग्लंडच्या बायकांना त्यानंतर पासष्ट वर्षांनी, १८८२ च्या कायद्याने मिळाला.

म्हणून भगिनींनो, मालिका जरूर पाहा, मुलींना जवळ घेऊन पाहा. फक्त शेवटी त्यांना दोन प्रश्न विचारा. यात घर कोणाच्या नावावर आहे? आणि हिच्या हातात स्वतःचा पैसा किती?