पहिला चेक कुणाचा?

व्हेंचर कॅपिटलच्या दुनियेत पहिल्या पैशाला ‘फ्रेंड्स अँड फॅमिली राउंड’ म्हणतात. म्हणजे काका, मामा, सासऱ्यांचा पैसा. इथे भिलाईत आमच्या घरी वडिलांचा पीएफ म्हणजे घर आणि बहिणीचं लग्न. त्यातून स्टार्टअप कसं उभं राहणार?

२०२० च्या ‘आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन’मध्ये अनुसूचित जातींच्या तरुणांना तीन वर्षांत ३० लाख मिळतात. कर्ज नव्हे, भागभांडवल. योजना चांगलीच आहे. पण वाट शिक्षणसंस्थांतल्या इन्क्युबेटरमधून जाते. तिथवर पोचेपर्यंत पोट कोण भरणार?

बुडालेला पैसा पचवणारं गोत ही जातीनं दिलेली इस्टेट आहे. तिला ‘धाडस’ म्हणू नका. संशोधनाला फेलोशिप मिळते, तशी धंद्याच्या पहिल्या वर्षालाही द्या.