हार्लेमचा पेटीवाला पोरगा

भीमजयंतीच्या कार्यक्रमात गायकाला हार पडतो, टाळ्या पडतात. पेटीवाला कोपऱ्यात भाता ओढीत बसलेला असतो. वाशिम-रिसोडकडच्या गायनपार्ट्यांत असे किती हात राबले! त्यांतले फार थोडे ध्वनिमुद्रित झाले. म्हणून या खेपेला वाचक बंधू-भगिनींना आम्ही एका पेटीवाल्या पोराची हकिकत सांगणार आहोत. पोरगा मात्र अमेरिकेतला.

नाव थॉमस वॉलर. अंगाने जाडजूड, म्हणून सारे त्याला ‘फॅट्स’ म्हणत. २१ मे १९०४ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका काळ्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील रस्त्यावर उभे राहून धर्माचे प्रवचन करीत आणि दहा वर्षांचा थॉमस शेजारी बसून पेटी वाजवी. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम ही काळ्या लोकांची वस्ती तेथून पायी जाण्याच्या अंतरावर!

पंधराव्या वर्षी हा मुलगा हार्लेमच्या लिंकन थिएटरात ऑर्गन वाजवू लागला. सिनेमा तेव्हा मुका होता. पडद्यावर मारामारी चालली की रडारड, ते पाहून वादकाने सूर पुरवायचे. आपल्या पेटीत हवा पत्तीवरून जाते, या मोठ्या ऑर्गनमध्ये ती नळ्यांतून जाते. पेटीवाल्याचा एक हात भात्यात अडकतो. इथे दोन्ही हात मोकळे, शिवाय खर्जाचे सूर पायांनी वाजवायचे. अडचण एकच, नळीतून आवाज जरा उशिरा उमटतो. जाझला तर लय टोकदार लागते. चर्चच्या संथ वाद्याला वॉलरने नाचायला लावले, हे आमच्या मते त्याचे खरे मोठेपण.

त्याचे पोट मात्र पियानोवर चालले. जेम्स पी. जॉन्सन हे त्याचे गुरू. १९२९ साली ‘एन्ट मिसबिहेव्हिन’ या गाण्याने त्याचे नाव गाजले. पण पैशाच्या नडीपायी त्याने आपली गाणी किरकोळ रकमेला विकून टाकली. कमाई दुसऱ्यांची झाली. ही गोष्ट आपल्या शाहिरांच्या घरच्यांना समजावून सांगायला नको.

ऑर्गनच्या तबकड्या त्या मानाने थोड्याच. व्हिक्टर कंपनीने कॅम्डेन गावातले एक चर्चच विकत घेऊन स्टुडिओ केला होता. तेथे नोव्हेंबर १९२६ मध्ये त्याने ऑर्गनवर ‘सेंट लुईस ब्लूज’ वाजवले. विजेचा मायक्रोफोन नुकताच आला होता, त्यामुळे असले अजस्र वाद्य तबकडीत मावले. पुढे लोकांना त्याची हसवणारी गाणी हवी झाली, तेव्हा कंपनीनेही तीच मागितली. १९३८ साली लंडनला एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत त्याला पुन्हा ऑर्गन मिळाला. तेथे त्याने गुलामीत खितपलेल्या आपल्या पूर्वजांची भक्तिगीते वाजवली.

त्याच्याच वयाचा टेडी वेदरफोर्ड हा काळा पियानोवादक १९२६ साली अमेरिका सोडून आशियात आला. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याने गोव्याच्या वादकांना घेऊन बँड वाजवला. १९४५ साली कलकत्त्यात तो पटकीने वारला. वॉलर त्याआधीच, डिसेंबर १९४३ मध्ये, आगगाडीच्या प्रवासात न्यूमोनियाने गेला. वय ३९.

या तबकड्या आता मोबाईलवरही सापडतात. घरात कोणी पेटी शिकत असेल तर त्याला आधी १९२६ ची ऐकवा, मग लंडनची. पायांनी वाजवलेल्या खर्जाकडे कान द्यायला सांगा.