मेल-सर्व्हरची निवड : लोकप्रियता आणि मोकळीक

छत्रपती संभाजीनगरातील एखादी पतसंस्था, महाविद्यालय वा कामगार संघटना ई-मेलच्या सर्व्हरसाठी सॉफ्टवेअर निवडावयास बसली की पहिला युक्तिवाद ठरलेला असतो : सगळे वापरतात तेच घ्यावे. हा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा नाही. लोकप्रिय सॉफ्टवेअरचे जाणकार गावात मिळतात. पत्रव्यवहार अडला तर पुण्या-मुंबईकडे डोळे लावून बसावे लागत नाही.

परंतु लोकप्रियता निर्माण कशी होते, हे तपासले पाहिजे. एक्झिम हे सॉफ्टवेअर फिलिप हेझल यांनी १९९५ साली केंब्रिज विद्यापीठात लिहिले. मेल-सर्व्हरांच्या पाहण्यांत ते वर्षानुवर्षे आघाडीवर दिसते. वेबसाइटना जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्यांत रूढ असलेल्या सीपॅनेलबरोबर ते आपोआप येते, हे त्याचे एक मोठे कारण. एक्झिम गुणी आहे, यात वाद नाही. पण ज्यांनी कधी निवडच केली नाही, असे कितीतरी लोक या गणतीत मोजले जातात.

फुकट मिळणाऱ्या सेवेची लोकप्रियता तर आणखी फसवी. गूगल शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण विनामूल्य देत असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये हे धोरण बदलल्याचे जाहीर झाले, आणि जुलै २०२२ पासून जुन्या संस्थांनाही सामायिक १०० टेराबाइटांची मूलभूत मर्यादा लागू झाली. ज्यांची साठवण त्याहून मोठी होती, त्यांनी जागा मोकळी करावी, पैसे मोजावेत किंवा बाहेर पडावे! बाहेर पडण्याचा खर्च वाढला की ग्राहक बंदिस्त होतो, हा अर्थशास्त्राचा जुनाच धडा होय.

मग केवळ लवचिकता पाहावी काय? तसेही नाही. बर्कलेच्या एरिक ऑलमन यांचे सेंडमेल कमालीचे लवचीक होते. परंतु त्याची मांडणी इतकी दुर्बोध की भलेभले तंत्रज्ञ थकत. जी मोकळीक वापरणारा माणूस संस्थेत नाही, ती कागदावरच्या हक्कासारखीच राहते.

तरीही मोकळिकीचे मोल मराठी माणसास विशेष आहे. देवनागरीत ई-मेलचा पत्ता देता येईल असे मानक २०१२ साली आले, आणि पोस्टफिक्सने २०१५ च्या ३.० आवृत्तीत ते स्वीकारले. समोरच्या सर्व्हरनेही ते मानावे लागते, हे खरे. पण सर्व्हर संस्थेच्या हाती असेल तर सभासदांना मराठी पत्ता द्यावा की नाही, हे संस्था ठरवील. नसेल तर कंपनी ठरवील.

म्हणून क्रम महत्त्वाचा. सारा पत्रव्यवहार घेऊन उद्या बाहेर पडता येईल काय, हा प्रश्न आधी विचारावा. या कसोटीस उतरणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरांतून ज्याचे जाणकार गावात अधिक, ते घ्यावे. आणि संस्थेतील दोघांना तरी ते चालविण्याचे शिक्षण द्यावे. या शिक्षणावर होणारा खर्च संस्थेच्या स्वायत्ततेचाच खर्च आहे.