म्हणे, वासाची सवय होते!

मंडळी, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलंय : "वासाचं काय एवढं? होते सवय!" यंदा ते आमच्या नातीला ऐकवलं गेलं. बी. एस्सी.च्या प्रॅक्टिकलहून ती डोकं धरून घरी येते. आता मी पडले साधी बी. ए., तीही मराठी माध्यमातली. हयात गेली व्याकरण शिकवण्यात. "मावशी, तू कशाला यात नाक खुपसतेस?" असं भाचे विचारतीलच. पण नाक मलाही आहे, आणि हे वाक्य मला साफ नामंजूर आहे!

हायड्रोजन सल्फाइडचंच घ्या. सडक्या अंड्यांच्या वासाचा हा वायू. क्षार ओळखायच्या प्रयोगांसाठी किपच्या उपकरणात तो वर्षानुवर्षं तयार होत आला. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसला तरी नाकाला कळतो. पण तेच प्रमाण १०० भागांच्या आसपास गेलं, की काही मिनिटांत वास येईनासा होतो. वायू तिथेच, नाक तेवढं गप्प! आणि प्रमाण १०००च्या घरात गेलं, तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. याला सवय म्हणायची, की राखणदाराला गुंगी आली म्हणायचं?

आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसला मूळचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात घाण वासाचं मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. घरी जो वास आला की आपण खिडक्या उघडतो, तसलाच वास प्रयोगशाळेत पोरांनी मुकाट सोसायचा, हा कुठला न्याय?

बरं, उपायही कसले? नाकाखाली बाम चोळा, तोंडाला रुमाल बांधा! बामाने वास झाकतो, वायू नाही. रुमालातून तर तो आरपार जातो. खरा उपाय म्हणजे फ्यूम हूड, हवा बाहेर ओढून घेणारं काचेचं कपाट. त्याची काच खाली ओढून आत काम करायचं असतं. पण पुष्कळ ठिकाणी पंखा बंद आणि आत रिकाम्या बाटल्यांचा संसार! बाटली हुंगायचीच झाली तर नाक तिच्यावर धरायचं नाही, हाताने वारा घेऊन अंदाज घ्यायचा. आणि वास नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. कार्बन मोनॉक्साइडला कुठे वास असतो?

"आमच्या वेळी आम्ही तोंडाने पिपेट ओढायचो, काही झालं नाही," असं सांगणारे भेटतात. अहो, ज्यांना झालं, ते हे सांगायला प्रयोगशाळेत उरले नाहीत!

असो. पोरींनो, पोरांनो, वास आला तर खुशाल नाक मुरडा. त्यात नाजूकपणा नाही, शहाणपण आहे. आणि मोठ्याने विचारा, पंखा का बंद आहे?