चहा कोणता, कसा आणि केव्हा?

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी सुनेसह दवाखान्यात आल्या होत्या. तीन महिने लोहाची गोळी नियमित चालू असूनही हिमोग्लोबिन ८.४ वरून जेमतेम ८.६ वर आले होते. पोटातून रक्तस्राव होत नाही ना, याची तपासणी झाली होती. तीत काही आढळले नव्हते. गोळी कशाबरोबर देता, असे विचारताच सून म्हणाली, "सकाळच्या चहाबरोबर. म्हणजे विसरायला होत नाही."

तिच्या काळजीत कसूर नव्हती. चूक वेळेची होती. चहातील टॅनिनवर्गीय द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात आणि ते आतड्यातून रक्तात पुरेसे शोषले जात नाही.

"मग चहा बंदच करू का?" तिने विचारले. आजींनी काही न बोलता माझ्याकडे पाहिले. साठ वर्षांची सवय त्या नजरेत होती. मी म्हटले, "चहा राहू द्या. तो कोणता, कसा आणि केव्हा घ्यायचा, एवढे ठरवू."

काळा, हिरवा, ऊलाँग आणि पांढरा हे सारे चहा एकाच झुडपाच्या पानांपासून होतात. फरक पडतो तो पाने खुडल्यानंतर. काळ्या चहासाठी पाने कोमेजवून चुरडतात, हवेतील प्राणवायूने ती तांबूस-काळी होऊ देतात आणि मग वाळवतात. हिरव्या चहात वाफ किंवा कढईची उष्णता देऊन ही क्रिया आरंभीच थांबवतात. ऊलाँगमध्ये ती अर्ध्यावर रोखतात. पांढऱ्या चहासाठी कोवळे अंकुर नुसते कोमेजवून सुकवतात. आपल्या घरातील दाणेदार चहा हा काळाच. यंत्राने पान चिरडून, फाडून आणि वळवून त्याचे दाणे करतात. दाणे बारीक असल्याने रंग, कॅफिन व टॅनिन पाण्यात झपाट्याने उतरतात.

म्हणूनच दाणेदार चहा फार उकळू नये. पाण्याला आधण आले की पूड घालावी, दोन मिनिटांत दूध घालून एक उकळी आणावी आणि गाळावा. उरलेला चहा पुनःपुन्हा उकळून देऊ नये. पानाच्या चहावर उकळते पाणी ओतून तीन-चार मिनिटे झाकण ठेवावे. हिरव्या चहासाठी उकळलेले पाणी थोडे निवू द्यावे आणि दोन मिनिटांतच गाळावे. अन्यथा तो कडवट होतो. मात्र हिरवा चहा हे औषध नव्हे. त्यातही कॅफिन असते आणि तोही लोहाच्या शोषणात अडथळा आणतो.

गवती चहा, आले किंवा तुळस यांचे पेय, त्यात चहापूड नसेल तर, खरे पाहता काढाच होय. त्यात कॅफिन नसते. संध्याकाळी चहाची तल्लफ आली तर तो बरा. परंतु विकतच्या 'हर्बल' पुड्यांवरील घटक वाचावेत. ज्येष्ठमध रोज घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो व रक्तातील पोटॅशियम कमी होऊ शकते.

घरातील ज्येष्ठांसाठी एवढे सांभाळावे :

लोहाची गोळी आणि चहा यांत पुरेसे अंतर हवे. गोळीनंतर किमान एक तास आणि चहानंतर दोन तास जाऊ द्यावेत. जेवणाला लागूनही चहा नको.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने.

झोपेची तक्रार असेल तर दिवसाचा शेवटचा चहा चारच्या आत घ्यावा.

कपात दोन चमचे साखर असेल, तर चार कपांत आठ चमचे, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम साखर पोटात जाते. ती आठवड्याला थोडीथोडी कमी करावी. जीभ हळूहळू जुळवून घेते.

जीभ पोळेल असा चहा देऊ नये. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण ठरतात, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१६ मध्ये काढला आहे.

आणि वेळ सांभाळूनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर दोष चहावर ढकलून स्वस्थ बसू नये. कारण शोधलेच पाहिजे.

आजींचा सकाळी सातचा चहा तसाच राहिला. लोहाची गोळी अकरा वाजता, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर सुरू झाली. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.१ झाले. गोळीची आठवण कोण ठेवते, असे मी विचारले, तेव्हा सून हसून म्हणाली, "त्याच ठेवतात. चहा वाचवायचा आहे ना!"