मालमोटारीशीं शेजार

आमच्या टोकावड्यावरून जाणाऱ्या कल्याण-माळशेज रस्त्यानें, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६१ नें, घाटावरील जुन्नर भागांतला कांदा व भाजीपाला कल्याण-मुंबईस जातो. त्याच रस्त्यानें आपला ट्रॅक्टर व फटफटीवरून आपलीं मुलें जातात. अपघात झाला कीं सर्व दोष मालमोटारवाल्याच्या माथीं मारण्याची आपणांस संवय आहे. सरकारी चाकरींत असतां अशा अपघातांतील मयतांच्या वारसनोंदीचे कागद आमच्या हाताखालून गेले. त्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, पुष्कळसा उपाय आपल्याच हातीं आहे.

मालमोटारवाल्यास अगदीं लगतचें, विशेषतः पाठीमागचें व डाव्या बगलेचें, दिसत नाहीं. त्याचा आरसा आपणांस दिसत नसेल, तर आपणही त्यास दिसत नाहीं, हें पक्कें समजावें. भरलेली गाडी लवकर थांबत नाहीं. तिच्या पुढें एकदम घुसूं नये. ती उजवीकडे झुकली तरी डावीकडून पुढें जाऊं नये; लांब गाडी डावें वळण घेण्यासाठींच पुष्कळदां तशी झुकते. घाटाच्या उतारावर व पावसाळी धुक्यांत अंतर आणखी वाढवावें.

आणि आपली ट्रॉली? ती पेंढ्यानें भरून तिन्हीसांजेस दिव्यावांचून निघते. बांधावरची हद्दीची खूण हलली तर आपण कचेरी गांठतों. ट्रॉलीच्या पाठीस चकाकणारी तांबडी पट्टी नाहीं, याबद्दल मात्र कोणी बोलत नाहीं. शेतकरी बंधूंनीं भातकापणीपूर्वींच ती लावावी. तिला खर्च थोडा येतो. वारसनोंदीचा अर्ज मात्र घरच्यांस करावा लागतो.